गुलामगिरी बायबलने संपवली? छापखाना बायबलने आणला? असे दावे कसे तपासावेत

प्रश्न असा आहे: एका ख्रिस्ती मित्राशी वाद झाला. मित्राचे म्हणणे, बायबल नसते तर गुलामगिरी कधी संपलीच नसती, आधुनिक विज्ञान जन्मले नसते, मानवी हक्क कोणाला सुचले नसते आणि महाराष्ट्रात छापखाने व मुलींच्या शाळाही आल्या नसत्या. विचारणाऱ्याला हे पटले नाही, पण नेमके कुठे खटकते ते सांगता आले नाही.

बायबलचा जगाच्या इतिहासावर प्रचंड प्रभाव आहे, हे आधीच सांगून टाकतो. ते नाकारून वाद घालायला गेलात तर पहिल्याच मिनिटाला हराल. पण प्रभाव होता असे म्हणणे वेगळे आणि त्याच्यामुळेच घडले असे म्हणणे वेगळे. दुसऱ्या विधानाला वेगळा पुरावा लागतो आणि असे दावे करणारे तो सहसा देत नाहीत. मी एकोणिसाव्या शतकाचा इतिहास शिकवतो, त्या काळातली कागदपत्रे वाचण्यातच माझी उमेदीची वर्षे गेली. असा दावा समोर आला की मी विचारतो: कोणी, कधी, कोणते वचन वाचून, काय केले? तेच वचन वाचून शेजारच्याने उलटे काही केले का? आणि वचन तर शेकडो वर्षे तिथेच होते, मग ते नेमके तेव्हाच का लागू पडले?

गुलामगिरीचा दावा सगळ्यांत जोरात केला जातो, आणि त्यात खरेही बरेच आहे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे इंग्लंडमधले विल्बरफोर्स आणि क्लार्कसन श्रद्धावान होते. 1787 साली लंडनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली, तिच्या बारा सदस्यांपैकी नऊ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते. त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षे आधी, 1688 मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या काही क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध निषेधपत्र लिहिले. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, ही येशूची शिकवण त्याच्या मुळाशी होती. 1807 साली ब्रिटनने गुलामांचा व्यापार बंद केला, 1833 साली वसाहतींतली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, आणि दोन्ही वेळी धर्मनिष्ठ लोक आघाडीवर होते.

आता खुद्द पुस्तक उघडा. जुन्या करारातल्या लेवीय 25 मध्ये आसपासच्या राष्ट्रांतून दास-दासी विकत घ्यावेत आणि त्यांना वतनासारखे मुलाबाळांकडे सोपवावे, असे स्वच्छ लिहिले आहे. निर्गम 21 सांगतो, की मालकाच्या मारामुळे दास जागीच मेला तर मालकाला शिक्षा व्हावी, पण तो एक-दोन दिवस जगला तर शिक्षा नाही, कारण तो मालकाचेच धन आहे. नव्या करारात इफिसकरांस पत्रात दासांना मालकांच्या आज्ञेत राहायला सांगितले आहे. यावर नेहमीचे उत्तर येते, की ती गुलामगिरी नव्हे, कर्ज फेडण्यासाठी पत्करलेली चाकरी होती, सातव्या वर्षी सुटका व्हायची. इब्री, म्हणजे यहुदी, दासांपुरते ते बरोबर आहे. परक्यांसाठी लेवीयातली ती वचने आहेत आणि तिथे सुटकेचे वर्ष नाही. त्याच निर्गम 21 मध्ये माणूस चोरून विकणाऱ्याला देहदंड सांगितला आहे, हेही खरे. गुलामगिरीविरोधकांनी ते वचन उचलले, गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांनी बाकीची.

दुसरी अडचण काळाची. चौथ्या शतकात निसाचा ग्रेगरी नावाच्या बिशपने गुलाम ठेवण्यावर कडाडून टीका करणारे प्रवचन दिले. त्याच्या हातात तेच पुस्तक होते, पण त्यातून चळवळ उभी राहिली नाही. 1452 मध्ये पोप निकोलस पाचवा याने पोर्तुगालच्या राजाला मूर्तिपूजक व मुसलमान लोकांना जिंकून कायमचे दास करण्याची परवानगी दिली. त्याच्याही हातात तेच पुस्तक होते. चौदाशे वर्षे न झालेली गोष्ट अठराव्या शतकाच्या अखेरीस होते तेव्हा त्या वेळी नवीन काय आले ते शोधावे लागते. अर्ज-विनंत्यांची चळवळ आली, स्वस्त छपाई आली, ओलाउदा इक्वियानोसारख्या सुटका मिळवलेल्या माणसाने 1789 मध्ये आपले आयुष्य छापून लोकांसमोर ठेवले, आणि गुलामांनी स्वतः उठाव केले. 1791 साली हैतीत उठाव झाला. उठावापूर्वी लोक जमले ते वूडू विधीसाठी, असे तिथली परंपरा सांगते. 1804 मध्ये तो देश स्वतंत्र झाला, म्हणजे ब्रिटनने नुसता व्यापार बंद केला त्याच्याही तीन वर्षे आधी. बायबलमुळेच गुलामगिरी संपली म्हणणाऱ्याला हैती कुठे बसवायचा हे सांगता आले पाहिजे.

माझ्या विद्यार्थ्यांना मी दोन गोष्टी जवळून दाखवतो. पहिली बार्बाडोसमधले कॉड्रिंग्टन मळे. 1710 मध्ये ख्रिस्तोफर कॉड्रिंग्टन वारला आणि मृत्युपत्राने आपले उसाचे मळे गुलामांसह चर्च ऑफ इंग्लंडच्या सुवार्ता प्रसारक संस्थेला देऊन गेला. परदेशांत बायबल पोचवणे हे त्या संस्थेचे कामच होते. मळ्यावरच्या माणसांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'सोसायटी' हा शब्द डागला जाई, म्हणजे मालक कोण ते कळावे. 1783 साली बीलबी पोर्टियस या बिशपने याच संस्थेपुढे प्रवचन देऊन तिथली स्थिती सुधारण्याची विनंती केली, योजनाही मांडली. संस्थेने ती नाकारली. पुढे गुलामगिरी रद्द झाली तेव्हा सरकारने मालकांना एकूण 2 कोटी पौंड भरपाई दिली, त्यात या संस्थेलाही वाटा मिळाला. गुलामांना काहीच मिळाले नाही, उलट शिकाऊ कामगार म्हणून उमेदवारीच्या नावाखाली आणखी काही वर्षे राबावे लागले. 2006 मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने या सगळ्याबद्दल माफी मागितली.

दुसरी गोष्ट म्हणजे 1807 साली लंडनमध्ये छापलेले, वेस्ट इंडिजमधल्या गुलामांसाठी निवडक भागांचे बायबल. पूर्ण प्रॉटेस्टंट बायबलात 1,189 अध्याय असतात, यात 232 आहेत. मोशेने इस्राएल लोकांना मिसराच्या दास्यातून बाहेर काढले ती कथा गाळली, दहा आज्ञा मात्र ठेवल्या. योसेफ मिसरात विकला जातो आणि निष्ठेने चाकरी करतो तो भाग ठेवला. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे गलतीकरांस पत्रातले वाक्य काढले आणि दासांनी आज्ञेत राहावे हे ठेवले. हे बायबल प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेच्या पाठीशी होते तेच बिशप पोर्टियस, व्यापाराविरुद्ध बोलणारे, कॉड्रिंग्टनवरच्या लोकांसाठी रदबदली करणारे.

या पुस्तकातून दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही मान्य केल्या पाहिजेत. एक, मळेवाले पूर्ण बायबलला घाबरत होते, म्हणजे त्यात बंडाचा दारूगोळा होता. दोन, तो पेटतो की नाही हे वाचणाऱ्याच्या आणि छापणाऱ्याच्या हातात होते. 1831 च्या नाताळात जमैकात मोठा उठाव झाला. त्याचा पुढारी सॅम शार्प स्वतः गुलाम आणि बाप्टिस्ट मंडळीतला डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक-पदाधिकारी. गोऱ्याला काळ्याला दास ठेवण्याचा काही अधिकार नाही, हे त्याला बायबल वाचून पटले होते. 1832 च्या मे महिन्यात त्याला फाशी दिली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कायदा केला. मित्राने विल्बरफोर्सचे नाव घेतले की त्याला शार्पचे नाव आठवणीने सांगा. बायबलच्या बाजूने मला माहीत असलेला सर्वांत भक्कम दाखला तोच आहे, आणि समर्थकांच्या यादीत तो क्वचितच असतो.

अमेरिकेत तर वादाचे दोन्ही पक्ष त्याच पुस्तकातून बोलत होते. 1845 मध्ये दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले ते गुलामांच्या मालकांना मिशनरी नेमण्याच्या प्रश्नावरून, आणि 1995 मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. लिंकनने 1865 च्या भाषणात बोलून दाखवले, की दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात. ज्या पुस्तकाने दोन्ही सैन्यांना बळ दिले त्याला एकाच सैन्याच्या विजयाचे कारण कसे म्हणायचे? आणि आपल्याकडच्या वाचकांनी एक ध्यानात घ्यावे: 1833 च्या त्या कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला होता. हिंदुस्थानात कंपनी सरकारने गुलामीला कायद्याचा आधार काढून घेतला तो 1843 मध्ये.

विज्ञानाचा दावा लवकर उरकतो, कारण त्यात तितके मांस नाही. नियमाने चालणाऱ्या सृष्टीचा निर्माता मानला म्हणून नियम शोधावेसे वाटले, असा तो युक्तिवाद. केप्लरच्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे, त्याने स्वतःच तसे लिहिले. पण त्याच श्रद्धेचे बायझंटाईन साम्राज्य हजार वर्षे टिकले, इथिओपियात चौथ्या शतकापासून ख्रिस्ती राज्य होते, आणि तिथे गॅलिलिओ झाला नाही. उलट आर्किमिडीज ख्रिस्ताच्या आधीचा, कैरोत प्रकाशावर प्रयोग करणारा इब्न अल-हैथम मुसलमान, केरळात अनंत श्रेणी मांडणारा माधव नंबुद्री परंपरेतला. युरोपात सतराव्या शतकात जे झाले त्यात विद्यापीठे, छपाई, दर्यावर्दी व्यापार, अरबीतून लॅटिनमध्ये आलेले ग्रंथ असे किती धागे आहेत! त्यातला एकच ओढून सगळे वस्त्र त्याचेच म्हणता येत नाही.

मानवी हक्कांबाबतही तसेच. 1864 मध्ये पोप पायस नववा याने धर्मस्वातंत्र्याची कल्पना चुकांच्या यादीत घातली, आणि कॅथलिक चर्चने ती अधिकृतपणे स्वीकारली 1965 मध्ये. मधल्या काळात, 1948 साली, मानवी हक्कांचा जाहीरनामा झाला. मसुदा करणाऱ्यांत लेबनॉनचे चार्ल्स मलिक श्रद्धाळू ख्रिस्ती होते, चीनचे पी. सी. चांग कन्फ्यूशियसच्या परंपरेतून बोलत, आणि पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल ते शब्द काढून 'सर्व मानव' घालायला लावणाऱ्या आपल्या हंसाबेन मेहता. देवाचा उल्लेख घालावा अशा सूचना आल्या होत्या, त्या स्वीकारल्या गेल्या नाहीत. श्रेय वाटायचेच तर एवढ्या सगळ्यांत वाटा.

आता महाराष्ट्र आणि गोवा. इथे मी जरा सावकाश जाणार आहे, कारण आपल्या लोकांना हा दावा सगळ्यांत जास्त पटतो आणि त्याचा उलट दावाही तितकाच पटतो.

हिंदुस्थानातला पहिला छापखाना 1556 साली गोव्यात आला. तो खरे तर ॲबिसिनियाला जायचा होता, वाटेत गोव्यातच राहिला आणि जेझुइट या कॅथलिक संघाच्या सेंट पॉल कॉलेजात त्यावर काम सुरू झाले. 1616 मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे छापले गेले. सुमारे 11 हजार ओव्या, आणि मराठीची जी स्तुती त्यात आहे ती आपण शाळेत पाठ केली. म्हणजे ख्रिस्ती धर्म होता, छापखाना होता, लोकांची भाषा उत्तम जाणणारा कवी होता. पुढे काय झाले? लोकांच्या हाती त्यांच्या भाषेतले बायबल गेले नाही, सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतरच्या कॅथलिक धोरणात ते बसतच नव्हते. 1684 मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्यातली छपाई थांबली आणि 1821 पर्यंत थांबलेलीच राहिली. इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय, मात्र 1560 पासून, मधली थोडी वर्षे सोडता, 1812 पर्यंत चालू होते. बायबल आणि छापखाना एकत्र आले की ज्ञानाचा प्रसार आपोआप होतो, या म्हणण्याला अडीचशे वर्षांचा गोवा हे उत्तर आहे.

मग एकोणिसाव्या शतकात काय बदलले? प्रॉटेस्टंट मिशनरी आले हे तर आहेच, त्यांचा भर प्रत्येकाने आपल्या भाषेत बायबल वाचावे यावर होता. त्यांच्यातल्या विल्यम केरीने 1805 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून मराठी व्याकरण काढले. त्यामागे पंडित वैजनाथ होते, आणि तिथले नागरी खिळे पाडले पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने. 1813 मध्ये गॉर्डन हॉल आणि त्यांचे सोबती मुंबईत उतरले, काही वर्षांत अमेरिकन मिशनचा छापखाना चालू झाला. त्याच वेळी पेशवाई बुडाली, कंपनीला मराठी जाणणारे कारकून आणि मराठी शिकणारे अंमलदार हवे होते, एल्फिन्स्टनने शिक्षणाचा प्रश्न हाती घेतला, जगन्नाथ शंकरशेटांसारख्यांनी पैसा आणि वजन खर्च केले. मोल्सवर्थचा 1831 चा कोश सरकारी खर्चाने झाला, मोल्सवर्थ स्वतः कितीही धार्मिक असला तरी.

या छापखान्यांतून पुढे काय निघाले ते बघा. गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनचे छापकाम पाहून या धंद्यात पडले. घरीच शिळाप्रेस उभी केली आणि 1831 मध्ये छापील पंचांग काढले. छापलेले पंचांग घरात घ्यावे की नाही यावर तेव्हा लोक कचरत होते, कारण शाईत चरबी असेल अशी शंका. गणपत कृष्णाजींनी पुढे तुपाची शाई करून पोथ्या छापल्या. जावजी दादाजी तर लहानपणीच अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले. त्यांनीच पुढे निर्णयसागर काढला, आणि निर्णयसागरची संस्कृत पुस्तके आजही अभ्यासक शोधत असतात. बायबल छापायला आलेल्या यंत्रावर हात बसलेल्या माणसांनी पंचांग, पोथी, काव्य, वर्तमानपत्र असे जे विकले जाईल, लोकांना हवे असेल ते छापले. मिशनचे ऋण इथे स्पष्ट आहे आणि ते मोकळेपणाने मानावे. पण मराठी मुद्रण उभे राहिले ते गिऱ्हाइकाच्या आणि कारागिराच्या जोरावर.

मुलींच्या शाळांबद्दलही असेच. मुंबईत अमेरिकन मिशनने 1824 मध्ये मुलींची शाळा काढली. सिंथिया फॅरर यांचे अहमदनगरचे काम जोतीराव फुल्यांनी पाहिले, 1848 मध्ये भिडेवाड्यात शाळा सुरू केली. जोतीराव शिकले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत. इथपर्यंत समर्थक सांगतात आणि थांबतात. शाळा सोडली त्याच सुमारास, 1847 मध्ये, त्यांनी थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक वाचले आणि ते त्यांच्या विचारांत मुरले. हा पेन म्हणजे बायबल ईश्वराने दिलेले नाही असे उघड लिहिणारा, इंग्लंड-अमेरिकेतल्या पाद्र्यांनी सर्वांत जास्त शिव्या घातलेला माणूस. मिशनरी शाळेने वाचायला शिकवले आणि वाचणाऱ्याने पेन उचलला. 1873 मध्ये 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. येशूबद्दल त्यांना मनापासून आदर होता, त्याला त्यांनी बळीराजाच्या रूपात पाहिले, मिशनऱ्यांचे उपकार लिहून ठेवले. तरी ख्रिस्ती झाले नाहीत, सत्यशोधक समाज काढला आणि निर्मिकाची कल्पना मांडली. एवढे सगळे एका माणसात आहे. 'बायबलमुळे फुले' म्हणणारा आणि 'फुल्यांचा मिशनऱ्यांशी संबंध नाही' म्हणणारा, दोघेही अर्धे पान फाडून वाचतात.

पंडिता रमाबाईंबाबत मात्र मी समर्थकांच्या बाजूने उभा राहतो. त्यांच्या कामाच्या केंद्रस्थानी बायबलच आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना घेऊन त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे बायबल मराठीत आणले, 1922 मध्ये वारल्या आणि ते 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच रमाबाई इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर तिथल्या मठवासिनींशी भांडल्या, मला कोणी धर्मगुरू सांगेल ते मी ऐकणार नाही, माझी विवेकबुद्धी मला आहे म्हणून. हे धैर्य बायबलचे, की आई-वडिलांनी शास्त्रे पढवून देशभर हिंडवलेल्या मुलीचे? मला हे दोन वेगळे करता येत नाहीत, आणि कोणी करून दाखवले तर मी त्याच्या पुराव्याची कसून तपासणी करीन.

शेवटी आपल्या बाजूचे. मित्राला उत्तर देताना संशयवाद्यांची काही घिसीपिटी वाक्ये वापरू नका, ती टिकत नाहीत. बायबलमध्ये कोणती पुस्तके घ्यायची हे 325 साली निकायाच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाइनने ठरवले, हे चूक आहे. त्या परिषदेत ख्रिस्ताच्या स्वरूपावर वाद झाला, नव्या कराराची आज आहे ती 27 पुस्तकांची यादी प्रथम आढळते ती 367 मधल्या अथानासियसच्या पत्रात. मध्ययुगात चर्च पृथ्वी सपाट मानत होते हेही चूक, शिकलेले लोक ती गोल मानत होते. गॅलिलिओला जाळले नाही, 1633 मध्ये चौकशी करून घरी नजरकैदेत ठेवले, आणि त्याच्या विरोधात यहोशवाच्या पुस्तकातला सूर्य थांबल्याचा प्रसंग वापरला गेला एवढे सांगितले तरी मुद्दा पुरेसा बसतो. कोपर्निकसचे पुस्तक निषिद्ध यादीतून 1835 मध्ये निघाले, ही तारीखही सांगा. मित्राने त्याच्या बाजूने एखादे नाव काढले तर खोडून काढायच्या आधी ते खरे आहे का बघा. खरे असेल तर मान्य करा, आणि त्याच काळात, त्याच गावात, तेच पुस्तक हातात घेऊन उलट बोलणारा कोण होता ते त्याला विचारा.